मी लावलेले दिवे

गाडीच्या मागच्या दिव्यात बल्ब धरून ठेवणारी बोटभर प्लास्टिकची वाटी वितळली, म्हणून अख्खा दिवा बदलायचा, हा कुठला न्याय? कंपनीच्या शोरूममधल्या टायवाल्या गृहस्थाला मी हेच विचारलं. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि सांगितलं, वाटी सुटी मिळत नाही, दिवा मिळतो. दोन्ही बाजूंच्या वाट्या गेलेल्या; दोन दिव्यांचे मिळून सव्वीसशे दिरहम. "म्हणजे बासष्ट हजार रुपये," मी तिथल्या तिथे मोठ्याने म्हणालो. तेरा वर्षांची गाडी, तीही मी सेकंडहँड घेतलेली. तिला बासष्ट हजारांचे दिवे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्या गृहस्थाला लाज वाटायला हवी होती. त्याने मला पाणी हवं का विचारलं.

माझी मुलगी शेजारी उभी होती. ती अल ऐनला युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आठवडाभर तिथल्या हॉस्टेलवर, शनिवार-रविवार दुबईत, करामाला आमच्याकडे. आम्ही नवरा-बायको वसईचे, ती जन्मली आणि वाढली इथेच. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आम्हा दोघांनाही त्यात काही गैर वाटत नाही. काढून आणलेला दिवा तिच्याच हातात होता. तिने तो उलटासुलटा करून पाहिला, कडेची शिवण नखाने चाचपली आणि म्हणाली, "डोन्ट बाय इट, डॅडी. आय विल कट इट ओपन."

"कापून? आणि मग आत काय, मेणबत्ती लावणार?"

"एलईडी. माय ओन."

मी नाही म्हणालो. गाडीचं पासिंग महिन्यावर आलं होतं. इथे जुनी गाडी दरवर्षी टेस्टिंग सेंटरला नेऊन तपासून घ्यावी लागते, त्याशिवाय रजिस्ट्रेशन वाढवून मिळत नाही. त्यालाच आम्ही सगळे पासिंग म्हणतो. गाडीत घरी केलेलं काही दिसलं की तिथे फेल करतात, हे इथल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. मुलीने मात्र चौकशी केली होती. काय केलं, कसं केलं, कोणी केलं, हे सगळं कागदावर नीट मांडलं तर सेंटरचा सीनियर इंजिनीअर ते बघतो आणि पटलं तर पास करतो. "आय विल मेक अ फाइल," ती म्हणाली. तिला एवढंच हवं होतं. दिवे झगमगावेत, मैत्रिणींनी वाहवा करावी, असलं काही नाही. आपल्या हातचं काम एका परक्या, जाणत्या माणसाने तपासावं आणि चालेल म्हणावं. कॉलेजात आतापर्यंत सगळं कागदावरच होतं; रस्त्यावर धावणारं हे तिचं पहिलं काम होतं. तिचा चेहरा बघून मी हो म्हणालो.

त्या महिन्यात मी जितका भांडलो तितका गेल्या दहा वर्षांत भांडलो नसेन. एलईडीच्या पट्ट्या घ्यायला दुकानात गेलो, तर मुलगी विचारते आणि दुकानदार मला सांगतो. ती म्हणते बारा व्होल्ट, लाल, अमुक इतके, हा माझ्याकडे बघून म्हणतो, "सर, मॅडम को डेकोरेशन के लिए चाहिए क्या?" मी म्हणालो, "हबीबी, उनसे बात करो. काम वो करनेवाली है, मैं सिर्फ ड्रायवर हूँ." त्याने मान डोलावली आणि बिल माझ्या हातात दिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मिस्सा आटोपून चर्चबाहेर उभे होतो, तर गावाकडचे एक ओळखीचे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलीच्या हातात कटर? उद्या सासरी जाऊन गॅरेज टाकणार की काय?" मी म्हटलं, "टाकेल. आणि तुमची गाडी पहिली तिथेच येईल." घरी येऊन मी हे प्रसंग बायकोला रंगवून सांगायचो. मुलीची बाजू घेणारा बाप म्हणून मी स्वतःवर फारच खूश होतो.

माझे साडू उम्म अल कुवैनला इंडस्ट्रियल एरियात दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत. ॲक्रिलिकच्या शीट, कटर, सोल्डरिंगचं सामान, सगळं तिथे असतं, आणि रविवारी वर्कशॉप बंद असतं. मालकाची परवानगी काढून त्यांनी आम्हाला एक टेबल दिलं. दिव्याची लाल काच म्हणतो ती काच नसतेच. तेही प्लास्टिक, आणि कारखान्यात ते मागच्या डब्याला वितळवून असं चिकटवलेलं असतं, की पुन्हा कोणी उघडूच नये. बल्बची वाटी सुटी विकायची नाही आणि दिवा उघडूही द्यायचा नाही. ज्याने ही युक्ती काढली त्याला एकदा करामात बोलावून माझ्या समोर बसवायला हवं.

मुलीने लाल भागावर आधी मास्किंग टेप लावला, ओरखडा येऊ नये म्हणून. मग फिरत्या पात्याचा छोटा कटर घेऊन तिने शिवणीवरून, मागच्या बाजूने, कापायला सुरुवात केली. पातं जोरात फिरवलं की प्लास्टिक कापलं जात नाही, वितळतं आणि मागच्या मागे पुन्हा चिकटतं. म्हणून बोटभर कापायचं, थांबायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा बोटभर. एका दिव्याला सव्वा तास लागला. साडू दोनदा म्हणाले, "दे इकडे, मी पटकन करतो." तिने दोन्ही वेळा, "नो, अंकल, थँक यू," म्हटलं आणि मान वर केली नाही.

मला तिने एक सोपं काम दिलं होतं. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून तिने आतल्या जागेचा नमुना कापला होता; त्यावरून ॲक्रिलिकचे दोन तुकडे मी आखून कापायचे, म्हणजे त्यांवर एलईडी बसतील. मी आखले, कापले, कडा घासल्या, आणि अभिमानाने टेबलावर ठेवले. दोन्ही उजव्या बाजूचे. डाव्या दिव्यासाठी नमुना उलटा करून आखायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. साडू हसायलाच लागले. "कोणी केला हा पराक्रम?" मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "वी कट टू राइट्स, अंकल. वी नीड वन मोअर पीस." वी म्हणे! मी कापलं होतं, तिचा काही संबंध नव्हता. मला बरं वाटलं आणि मी गप्प बसलो.

आत एलईडी बसवणं म्हणजे नुसतं चिकटवणं नव्हे. मागचा दिवा दोन तऱ्हांनी लागला पाहिजे: चालताना मंद, ब्रेक दाबल्यावर भक्क. दोन्हींत फरक दिसला नाही तर मागचा माणूस येऊन आदळायचा. तिने त्यासाठी दोन वेगळ्या वायरी घेतल्या. इंडिकेटरची आणखी एक गंमत कळली. एलईडीला वीज इतकी थोडी लागते, की गाडीला वाटतं बल्ब उडाला, आणि इंडिकेटर वेड्यासारखा भराभर लुकलुकतो. त्यासाठी वीज खाणारा एक रेझिस्टर जोडावा लागतो. तो तापतो, म्हणून तिने तो प्लास्टिकवर न ठेवता आत गाडीच्या पत्र्यावर स्क्रूने बसवला. प्रत्येक टप्प्याचा तिने फोटो काढला. प्रत्येक वायरीचा रंग वहीत लिहिला.

पुढच्या शनिवारी चिकटवलेले दिवे सुकले आणि त्यांची परीक्षा आमच्या बाथरूममध्ये झाली. कपडे भिजवायच्या मोठ्या बादलीत दिवा बुडवायचा आणि बुडबुडे येतात का बघायचं. आम्ही दोघं बादलीशी गुडघ्यांवर. बायको दाराशी येऊन म्हणाली, "काय दिवे लावताय बापलेक, कळू दे तरी." डाव्या दिव्याच्या एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय, इथे पाऊस पडतो कुठे? मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन चहा केला. तिने तो कोपरा पुन्हा कापला, साफ केला, पुन्हा भरला, आणखी एक दिवस सुकवला. दुसऱ्यांदा एकही बुडबुडा आला नाही. बसवल्यावर बाहेरून दिवे होते तसेच दिसत होते. कापल्याची खूण शोधून सापडत नव्हती.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी आम्ही टेस्टिंग सेंटरला गेलो. फाइल तिच्या मांडीवर होती: निळी, चेनवाली, तीस-बत्तीस पानं. पहिल्या पानावर तिचं नाव, कोर्स आणि वर्ष. रांगेत असताना तिने ती दोनदा उघडून पाहिली. मी म्हटलं, "टेन्शन घेऊ नकोस, मी आहे ना."

इन्स्पेक्टर तरुण होता, युनिफॉर्म कडक इस्त्रीचा, हिंदी उत्तम. त्याने गाडीखाली पाहिलं, ब्रेक तपासले, मग मागे गेला. मला ब्रेक दाबायला सांगितला. सोडायला सांगितला. पुन्हा दाबायला. मग खाली बसून दिव्याजवळ डोळे नेले, कडेवरून अंगठा फिरवला आणि मला हाक मारली. मी उतरून मागे गेलो. मुलगीही उतरली, फाइल घेऊन.

"ये किसने किया?" त्याने विचारलं.

मुलीने चेन उघडली. तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आणि मी म्हणालो, "पिछला मालिक, सर. हमको तो गाड़ी ऐसी ही मिली."

हे मी ठरवून बोललो नाही, पण असं म्हणून माझी सुटका नाही. बावीस वर्षं मी हॉटेलात हाउसकीपिंगला आहे. कार्पेटवर डाग दिसला, आरसा तडकला, गेस्टचा शर्ट हरवला, की मॅनेजर येऊन विचारतो, "हू डिड दिस?" आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, "प्रीव्हियस शिफ्ट, सर." मागच्या शिफ्टवाले घरी गेलेले असतात, त्यांना विचारायला कोणी जात नाही. उद्या तेही आमच्याबद्दल हेच सांगतात. नव्या माणसाला आम्ही चादर घालायला शिकवतो त्याआधी हे शिकवतो. कोणी केलं, हा प्रश्न आमच्याकडे कधी कौतुकासाठी विचारलाच जात नाही. जित्याची खोड, युनिफॉर्ममधल्या माणसाने विचारलं आणि तोंडातून मागची शिफ्ट बाहेर पडली.

इन्स्पेक्टर उभा राहिला. त्याचा चेहरा पडला, खरंच पडला. "अफसोस है," तो म्हणाला. "काम बहुत सफाई का है, चाचा. करनेवाला मालूम होता, उसका कुछ पेपर होता, तो मैं सीनियर के पास भेज देता, वो पास कर देता. लेकिन करनेवाला ही पता नहीं, अंदर क्या वायर डाला पता नहीं, तो मैं कैसे पास करूँ? ओरिजिनल लगाके वापस लाओ. खलास." त्याने टॅबलेटवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या गाडीकडे गेला.

मुलीने फाइलची चेन लावली.

महिनाभर मी दुकानदाराला, चर्चमधल्या गृहस्थांना, सगळ्या जगाला धारेवर धरत होतो, की माझ्या मुलीचं काम तिच्या नावावर धरत नाहीत. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला बरोबर दिसत होतं. त्या लोकांनी तिला चार शब्द कमी बोलू दिले असतील. मी तर तिला जगातूनच काढून टाकलं, तेही ती शेजारी उभी असताना. दिवे तिने बसवले होते. दिवे लावले मी.

आणि तेवढ्यावर मी थांबलो असतो तर एक वेळ ठीक होतं. पण गाडीत बसल्यावर मी तिच्यावरच चिडलो. "तू का नाही बोललीस? तोंड नव्हतं तुला? फाइल हातात होती ना?"

ती समोर रस्त्याकडे बघत होती. "अँड मेक यू अ लायर इन फ्रंट ऑफ हिम?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी बायको जेवण वाढून वाट बघत होती. "झालं का पास? फाइल दाखवलीस ना?"

"दे डोन्ट अलाउ इट, मम्मी," मुलगी म्हणाली. "रूल इज रूल."

मग बायकोने त्या इन्स्पेक्टरला जे शिव्याशाप द्यायला सुरुवात केली, त्याला तोड नव्हती. एवढ्या मेहनतीने पोरीने केलं, मेल्याला डोळे आहेत की नाहीत, त्याच्या घरात लेकीबाळी नाहीत का. मी मासे खात होतो. एकदाही म्हणालो नाही, की अगं, तो माणूस भला होता. माझी मान ताटात होती आणि भात संपेपर्यंत ती तिथेच राहिली. इतका संताप मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि ज्याचा आला होता तो माझ्याच खुर्चीत बसून दुसऱ्यांदा आमटी मागत होता.

रविवारी मुलीला अल ऐनला सोडलं. फाइल ती टेबलावरच ठेवून गेली होती. सोमवारी माझी दुपारची शिफ्ट होती. सकाळी मी फाइल घेऊन एकटाच टेस्टिंग सेंटरला गेलो. तोच इन्स्पेक्टर होता. मी रांग सोडून त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, वो लाइट मेरी बेटी ने बनाया है. इंजिनीअरिंग पढ़ती है. ये उसका पूरा पेपर है. मैंने उस दिन झूठ बोला."

त्याने फाइल घेतली. घाई न करता पानं उलटली. वायरींचा तक्ता पाहिला, बादलीतला फोटो पाहून थोडा हसलाही. मला वाटलं, झालं. मग तो म्हणाला, "फोटो में तो सिर्फ हाथ दिखता है, चाचा."

"मेरी बेटी का हाथ है."

"उस दिन पिछला मालिक था, आज बेटी है. मैं कौन सा मानूँ?"

"आज का. उस दिन मैं डर गया था."

त्याने टॅबलेट माझ्याकडे फिरवला. शनिवारच्या तारखेखाली इंग्रजीत एकच ओळ होती: मालकाच्या म्हणण्याप्रमाणे, बदल आधीच्या मालकाने केलेला, करणारा अज्ञात. "ये मैंने नहीं बोला, आपने बोला," तो म्हणाला. "अब ये सिस्टम में है. सीनियर यही पढ़ेगा." त्याने फाइल दोन्ही हातांनी परत दिली. "बेटी उस दिन साथ में थी ना? वही नीला फाइल लेके? उसी टाइम बोल देते."

म्हणजे त्याने फाइल पाहिली होती. त्याने कदाचित मुद्दामच विचारलं होतं, आम्हाला वाट करून द्यायला. मी गाडीत येऊन बसलो आणि स्टिअरिंगवर इतक्या जोरात हात आपटला की हॉर्न वाजला. शेजारच्या गाडीतल्या बाईने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

शनिवारी मुलगी आली तेव्हा मी बायकोसमोर सगळं सांगितलं: काय बोललो, काय लपवलं, परत गेलो, काय ऐकून आलो. बायकोने हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि त्या बिचाऱ्याला मी इतक्या शिव्या घातल्या, तुम्ही मासे खात ऐकत बसलात?" मुलगी म्हणाली, "यू वेन्ट बॅक?" मी हो म्हटलं. तिने फाइल उघडून पानं क्रमाने आहेत का बघितली, आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवली. माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. विचारायचा हक्क कुठे होता?

रजिस्ट्रेशन संपायला चार दिवस उरले होते. साडूंनी शारजाच्या भंगार बाजारातून त्याच मॉडेलचे दोन जुने दिवे शोधून आणले. पिवळट पडलेले, एकाच्या कडेला तडा, पण कंपनीचे. मुलीने खाली पार्किंगमध्ये आपले दिवे उतरवले आणि ते भंगारातले चढवले. वीस मिनिटंही लागली नाहीत. तिने हात पुसले आणि म्हणाली, "यल्ला, लेट्स गो."

या वेळी दुसरा इन्स्पेक्टर होता, वयाने मोठा. त्याने ब्रेक दाबायला सांगितला, लाल लागलं. इंडिकेटर लावायला सांगितला, लुकलुकला. तड्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. "पास," तो म्हणाला.

मी उतरून त्याच्यासमोर गेलो. "सर, ये लाइट मेरी बेटी ने लगाया है," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, मागच्या गाडीलाही ऐकू जाईल इतक्या.

त्याने मला काहीच विचारलं नव्हतं. त्याने आधी माझ्याकडे, मग गाडीत बसलेल्या तिच्याकडे पाहिलं. "लाइट में क्या है, बाबा," तो म्हणाला, "दो स्क्रू का काम."

आणि या वेळी ते खरंच दोन स्क्रूंचंच काम होतं.